हे-ऑन-वाय की नाइटन? वेल्सच्या सीमेवर एकच दिवस असेल तर

मे-जून उजाडला की इथल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा यायला लागतात. लंडन होतं, बाथ होतं, लेक डिस्ट्रिक्ट होतं, आणि मग कुणीतरी विचारतं, "वेल्सच्या सीमेवरचं एखादं छोटं गाव सांगा ना, एका दिवसात जाऊन येण्यासारखं." माझ्या मते या प्रश्नाला दोन चांगली उत्तरं आहेत : हे-ऑन-वाय आणि नाइटन. दोन्ही पॉविस परगण्यात, दोन्ही इंग्लंडला अगदी चिकटून, आणि ऑफाज डाइक ही लांब पल्ल्याची पायवाट दोन्हींमधून जाते. नकाशावर सरळ रेघ मारली तर मध्ये तीसेक किलोमीटर. पण तिथे दिवस इतका वेगळा जातो की एका गावाची अपेक्षा धरून दुसऱ्या गावी गेलेला माणूस हिरमुसून परत येईल. मी बर्मिंगहॅमला राहतो, स्वतःची गाडी ठेवलेली नाही, आणि दोन्हीकडे एकटा, मित्रांबरोबर आणि आई-बाबांना घेऊन जाऊन आलो आहे. पुढचं सगळं त्या जाण्या-येण्यावर आधारलेलं आहे, त्यामुळे गाडीवाल्यांनी त्यातलं त्यांना लागू पडेल तेवढं घ्यावं.

प्रेस्टीन आणि माँटगोमरी ही नावंही अशा गप्पांत निघतात. प्रेस्टीनला व्हिक्टोरियन काळातलं कोर्ट आणि न्यायाधीशांचं निवासस्थान फार निगुतीने जपलं आहे. माँटगोमरीला तेराव्या शतकातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि इंग्लंडच्या राजाने लवेलिन याला वेल्सचा राजपुत्र म्हणून मान्यता दिली तो १२६७ चा तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही गावं सुरेख आहेत. पण रेल्वे कुठेच जात नाही आणि एका दिवसात बसने जमवणं जिकिरीचं होतं, म्हणून ती बाजूला ठेवतो.

हे-ऑन-वायची ओळख मराठी माणसाला निराळी करून द्यावी लागत नाही. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा त्यामागची प्रेरणा म्हणून याच गावाचं नाव आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. त्यामुळे भिलार पाहिलेली मंडळी इथे मनात एक चित्र घेऊन येतात. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, की दोन्हींची रीत अगदी वेगळी आहे. भिलारला लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली असतात. हवं ते उचलायचं, तिथेच बसून वाचायचं, परत ठेवायचं. हे-ऑन-वाय म्हणजे जुन्या पुस्तकांची बाजारपेठ. तिथे पुस्तकं विकत घेतात, विकतात, आणि गावातल्या बऱ्याच जणांचं पोट त्यावर आणि त्यापायी येणाऱ्या पाहुण्यांवर चालतं.

ही बाजारपेठ उभी राहिली ती रिचर्ड बूथ यांच्यामुळे. १९६२ मध्ये त्यांनी गावातल्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत पहिलं दुकान काढलं. पुढे अमेरिकेत बंद पडणाऱ्या ग्रंथालयांची पुस्तकं जहाजाने आणली, एकामागून एक इमारती पुस्तकांनी भरल्या, आणि त्यांचं बघून इतरांनीही दुकानं थाटली. १ एप्रिल १९७७ ला त्यांनी गाव स्वतंत्र राज्य आणि स्वतःला त्याचा राजा म्हणून जाहीर केलं. तारीख एप्रिल फूलची असली तरी जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली आणि गावाचं नाव सगळीकडे झालं. २०१९ मध्ये बूथ गेले. आज वीसेक दुकानं असतील. पूर्वी याहून बरीच जास्त होती. ज्या १९६२ मध्ये पहिलं दुकान उघडलं, त्याच वर्षाच्या अखेरीस गावातून जाणारी प्रवासी रेल्वे मात्र बंद झाली. दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं, रेल्वे गेलेलं गाव नुसत्या जुन्या पुस्तकांच्या जोरावर तगलं, याचं मला प्रत्येक वेळी मनापासून कौतुक वाटतं.

दुकानांमध्ये प्रत्येकाचा आपला बाज आहे. एक केवळ रहस्यकथांचं आहे. रहस्यकथांचा नाद असलेल्यांसाठी अवांतर सांगतो : याच गावात आर्मस्ट्राँग नावाचे वकील होते. पत्नीला आर्सेनिक घातल्याच्या आरोपावरून १९२२ मध्ये त्यांना फाशी झाली, आणि खुनासाठी फासावर गेलेले ब्रिटनमधले ते एकमेव सॉलिसिटर. मोठ्या दुकानांत भारतासाठी वेगळं कपाट हमखास सापडतं. शिकारीच्या आठवणी, साहेबांच्या बायकांनी लिहिलेली पत्रं, रेल्वेचे जुने नकाशे, मध्येच एखादं गॅझेटियर. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या लावलेल्या आहेत, तिथे विक्रेता नाही. पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे.

किल्लाही आता पाहण्यासारखा झाला आहे. वर्षानुवर्षं पडीक असलेली ही वास्तू दुरुस्त होऊन २०२२ मध्ये लोकांसाठी उघडली. त्याच्याविषयी अशी दंतकथा आहे की मॉड द ब्रूस या बाईने ओच्यात दगड वाहून तो एका रात्रीत बांधला. पांडवांनी एका रात्रीत उभारलेली देवळं ऐकत मोठे झालेल्या आपल्या माणसांना ही गोष्ट लगेच आपलीशी वाटते. माझ्या आईने ती सांगणाऱ्या बाईंना तिथल्या तिथे आपल्याकडच्या हेमाडपंती देवळाची गोष्ट ऐकवली, मी दुभाषा. खऱ्या इतिहासातली मॉड मात्र किंग जॉनच्या रोषाला बळी पडली आणि १२१० मध्ये तिला मुलासह कोंडून उपाशी मारलं गेलं.

गावाभोवतीचा निसर्ग तर उदंड. वाय नदीकाठी जुन्या रेल्वेमार्गावरून सपाट वाट आहे, ती पुढे वॉरन नावाच्या कुरणाकडे नेते. गुडघे दुखणाऱ्यांना ही वाट सहज जमते, आणि हे नाइटनला इतक्या सुखाने मिळत नाही. दक्षिणेला ब्लॅक माउंटन्सची कड उभी आहे. तिच्यावरचं 'हे ब्लफ' नावाचं टोक ६७७ मीटरवर. त्याच्या पायथ्याशी जाणारा रस्ता पुढे गॉस्पेल पासमधून ५४९ मीटर उंचीवरून पलीकडे उतरतो, आणि वेल्समधला हा सर्वांत उंचावरचा गाडीरस्ता मानला जातो. गाडी असेल तर हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम. पायी निघालात तर दिवस त्यातच जातो.

खाण्याची आबाळ होत नाही. शाकाहारी जेवण जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतं, मेंढीच्या दुधाचं आइसक्रीम तर जरूर खावं. गुरुवारी बाजार भरतो, त्या दिवशी गेलात तर चीज, पाव आणि भाज्यांचे ठेले चौकात लागलेले असतात.

आता ज्या एका गोष्टीने माझं मन या गावावरून थोडं उतरलं ती. दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात.

वाचायला ही बारीकशी बाब वाटेल, म्हणून जरा हिशेब मांडतो. बर्मिंगहॅमहून हेरफर्डपर्यंत रेल्वेने साधारण दीड तास, तिथून बसने आणखी तासभर. बसची वाट पाहण्याचा वेळ धरला तर गावात पाय ठेवेपर्यंत बारा वाजत आलेले असतात. जेवण झालं, किल्ला पाहिला की दोन-अडीच. म्हणजे वीस दुकानांसाठी हातात उरले अडीच तास. जुनी पुस्तकं घड्याळ लावून बघता येत नाहीत. आपल्याला काय हवं आहे हे आधी ठाऊकच नसतं. तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीशी मांडी घालून बसल्यावर ते कळतं. एका दुकानाच्या माळ्यावर मला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ चा सातारा खंड सापडला. माझं आजोळ त्या जिल्ह्यातलं. कृष्णेच्या घाटांविषयी, तिथल्या बाजाराच्या दिवसांविषयी, तेव्हाच्या पिकांविषयी मी उभ्याउभ्या वाचत होतो. दहा-बारा पानं झाली असतील नसतील, तोच एक गृहस्थ अतिशय सौजन्याने येऊन म्हणाले की पाच मिनिटांत दिवे मालवतोय. किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे घेऊन जाण्याचा प्रश्न नव्हता. तिथेच आणखी तासभर वाचता आलं असतं तर खूप होतं.

बाहेर आलो तर लख्ख ऊन. जूनमध्ये या भागात सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. पुढचे चार तास उजेड होता, हवा सुंदर होती, आणि ज्यासाठी इतक्या लांब आलो ते सगळं कुलपात. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे फार लागतं. अप्पा बळवंत चौकात खरी गर्दी संध्याकाळी सुरू होते. ऑफिस सुटल्यावर, कॉलेज सुटल्यावर माणूस पुस्तकांकडे वळतो, आणि पुस्तकं बघत फिरण्याची वेळ म्हणजे दिवेलागणीची, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथल्या दुकानदारांनाही घर आहे, संध्याकाळ आहे, आणि ती त्यांनी घरी घालवावी हे योग्यच. त्यांचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. पण एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्याला त्यामुळे डोंगर की दुकानं अशी निवड करावी लागते, आणि दुकानं निवडली तरी ती पळतपळत बघावी लागतात. आई-बाबा बरोबर होते तेव्हा तर अजूनच ओढाताण झाली. बाबा एका दुकानात रमले, आईला नदीकाठी बसायचं होतं, आणि मी मध्ये घड्याळ बघत दोघांमध्ये फेऱ्या मारत होतो.

यावर मुक्काम हा उतारा आहे. रात्र तिथे काढली आणि सकाळी दहाला दुकानं उघडताना पहिल्या कपाटाशी हजर झालात, तर हे-ऑन-वायसारखं गाव नाही. मात्र मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला साहित्य महोत्सव असतो, १९८८ पासून चालत आलेला. त्या दिवसांत आसपासच्या खोल्या कित्येक महिने आधी भरलेल्या असतात, दरही चढलेले असतात. जगभरचे लेखक ऐकायचे असतील तर ते दिवस सोन्याचे. शांत छोटं गाव दाखवायला म्हणून कुणाला घेऊन जायचं असेल तर ते दिवस टाळावेत.

नाइटनला असं नाव नाही. बर्मिंगहॅमच्या माझ्या ऑफिसात विचारलं तर निम्म्या लोकांना ते कुठे आहे हे सांगता यायचं नाही. तिथे जायची मौज रेल्वेपासूनच सुरू होते. श्रूजबरीला गाडी बदलून हार्ट ऑफ वेल्स मार्गावरच्या छोट्या गाडीत बसायचं, एक-दोन डब्यांची असते. ही गाडी पुढे थेट स्वॉन्झीपर्यंत जाते, आणि वाटेतली बरीच स्थानकं अशी की उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगावं लागतं, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवावा लागतो. तासाभराच्या आत नाइटन. उतरल्यावर आपण अजून इंग्लंडमध्ये, श्रॉपशर परगण्यात असतो. गाव वेल्समध्ये आणि त्याचं रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये. टीम नावाची लहानशी नदी ओलांडली की वेल्स. आई-बाबांना सीमा दाखवायला आणलंय असं म्हणताना ती पायांनी ओलांडता यावी, ही माझी साधी अपेक्षा नाइटनला पुरी होते. हे-ऑन-वायलाही सीमा आहेच, डलस नावाच्या ओढ्यावर. पण बसमधून येणाऱ्या माणसाला तो ओढा गेला कधी हेही कळत नाही.

आणि मग ऑफाचा बांध, म्हणजेच ऑफाज डाइक. ऑफा हा मर्सिया या मध्य इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा, इ.स. ७५७ ते ७९६ त्याची कारकीर्द. पश्चिमेकडच्या वेल्श राज्यांच्या बाजूला खंदक खणून त्याची माती अलीकडे रचत त्याने मैलोन् मैल बांध घातला, अशी परंपरा आहे. अलीकडच्या उत्खननांमुळे त्याचे काही भाग याहून जुने असावेत का, अशीही चर्चा सुरू आहे. आजची सीमा बहुतेक ठिकाणी त्याला सोडून गेली आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशा होऊ शकते, कारण दिसायला तो आपल्याकडच्या शेताच्या मोठ्या, जुन्या बांधासारखाच, वर गवत, कडेला झाडं, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. पण त्याच्यावरून अर्धा तास चाललं की त्याची जागा किती विचाराने निवडली होती हे डोळ्यांना दिसायला लागतं. तो सतत डोंगराच्या अशा अंगाने जातो की पश्चिमेची दरी नजरेच्या टप्प्यात राहावी. सह्याद्रीत गड चढलेल्या माणसाला माची कुठे आणि का बांधली हे जसं न सांगता उमगतं, तसंच इथे होतं.

नाइटन या बांधावरच वसलेलं आहे, आणि त्या नावाच्या पायवाटेचं केंद्रही इथेच. दक्षिणेच्या समुद्रापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत २८५ किलोमीटर जाणारी ही पायवाट १० जुलै १९७१ ला याच गावात खुली झाली. उद्घाटनाला लॉर्ड हंट आले होते, म्हणजे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट. त्यांचा जन्म सिमल्याचा. गिर्यारोहणाची आवड असलेल्या घरातून कुणाला घेऊन गेलात तर त्या उद्घाटनाचा स्मृतिदगड आवर्जून दाखवा. माहिती केंद्राच्या मागच्या हिरवळीवर आहे, तिथेच बांधाचा एक तुकडाही बघायला मिळतो. वेल्सच्या आतल्या भागातून वळसा घेत जाणारी ग्लिंडूर्ज वे ही दुसरी लांब पायवाटही नाइटनच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरू होते.

केंद्रातून निघून नदीकाठाने पुढे गेलं, पूल ओलांडला की समोर पॅनपंटन टेकडी. चढ खडा आहे, दम लागतो, पण लांब नाही. सिंहगड अधूनमधून चढणाऱ्याला काहीच वाटणार नाही. वर पोहोचल्यावर बांध आपल्याला सोबत घेऊन उत्तरेकडे निघतो. डावीकडे टीमचं खोरं, आणि थोडं पुढे गेलं की खाली नकलसचा रेल्वेपूल दिसतो. १८६५ मध्ये बांधलेला, तेरा कमानींचा, टोकांना किल्ल्यासारखे बुरूज केलेले. ज्या गाडीने आपण आलो ती त्या पुलावरून पुढे जाते. वेळापत्रक पाहून तिथे बसलं तर गाडी जाताना दिसते. बाबांना या गोष्टीचं इतकं अप्रूप वाटलं की दुसरी गाडी येईपर्यंत थांबूया का, असं त्यांनी विचारलं.

तो प्रश्न मात्र महाग पडला असता, कारण दोन गाड्यांमध्ये कित्येक तासांचं अंतर असतं. नाइटनची ही सगळ्यात मोठी अडचण, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दिवसाला मोजक्याच गाड्या, रविवारी त्याहून कमी. एक चुकली तर दिवसाची सगळी घडी विस्कटते, आणि गाडी रद्द झाली तर काय करायचं याचा विचार आधी करून ठेवावा लागतो. हे-ऑन-वायची बस चुकली तर निदान चार कॅफे समोर असतात. नाइटनला खाण्यापिण्याची ठिकाणं मोजकी, दुपारनंतर त्यातली काही बंद, आणि शाकाहारी माणसाला चीज सँडविच, सूप किंवा भाजलेला बटाटा यावर भागवावं लागतं. आम्ही घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो आणि बांधावर बसून खातो, त्यामुळे आमचं अडलं नाही.

गाव स्वतः साधं आहे. १८७२ चा घड्याळाचा मनोरा, त्याच्यामागे चढत गेलेली अरुंद गल्ली, कापडाचं, लोखंडी सामानाचं दुकान, गावातच भरणारा मेंढ्यांचा आणि गुरांचा लिलाव. लिलावाच्या दिवशी गेलात तर आसपासच्या वाड्यांवरचे शेतकरी आलेले असतात. बाबांनी आयुष्य बँकेत, ग्रामीण शाखांमध्ये काढलं. लिलाव पुकारणाऱ्याची गती ऐकत ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि मग शेजारच्या एका वयस्कर शेतकऱ्याशी मेंढीच्या भावावर, लोकरीला उठाव नसण्यावर बोलत बसले. तो माणूस बोलत होता ते इंग्रजीच, पण त्या भागातल्या धाटणीचं. बाबांना निम्मं कळलं असेल. तरी दोघांचं बरंच जमलं. पाहुण्यांची सवय नसलेल्या गावात लोक आपल्याशी अशा सवडीने बोलतात, हा माझा अनुभव. दुसऱ्या कुणाला वेगळा येऊ शकतो.

आईला टेकडी चढणं जमलं नाही, हे सांगायला हवं. ती खाली नदीकाठी बसली, नंतर केंद्रात जाऊन तिने तिथलं प्रदर्शन पाहिलं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोघांना घेऊन जाणार असाल आणि दोघांपैकी कुणालाही एकटं बसायला आवडत नसेल, तर हे-ऑन-वाय अधिक सोयीचं, यात शंका नाही. लहान मुलांचं उलट. पुस्तकांच्या दुकानात त्यांना सतत हळू बोल, हात लावू नको सांगावं लागतं. बांधावर ती मोकळी धावतात. मात्र कुरणांत कोकरं असताना मुलांना आवरून धरावं आणि प्रत्येक फाटक मागे लावून घ्यावं.

संध्याकाळी पाचनंतरचं नाइटन म्हणाल, तर तिथेही दुकानं बंद होतातच, कदाचित हे-ऑन-वायच्या आधी. पण त्याने बिघडत नाही, कारण आपण ज्यासाठी आलो त्याला दार नाही. साडेपाचला मी पुन्हा टेकडीवर चढलो आहे, आणि सकाळी जी दरी ढगांमुळे सपाट वाटली होती तिच्यात तिरप्या उन्हाने बांधाची सावली पडून खंदकाची खोली पहिल्यांदा नीट दिसली. बांध सकाळी बघण्यापेक्षा संध्याकाळी बघावा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. संध्याकाळच्या गाडीची वेळ ठरलेली असल्याने तोपर्यंतचा सगळा वेळ आपला असतो. मध्ये कुणी येऊन दिवे मालवत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. स्वतःची गाडी आहे, एक रात्र राहण्याची तयारी आहे आणि घरात पुस्तकांचं वेड आहे, तर हे-ऑन-वायला जा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघू नका. रेल्वेने जाऊन त्याच दिवशी परतायचं आहे, थोडं चालायची हौस आहे, तर मी नाइटन म्हणेन. पुस्तकांवर माझं प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. त्या प्रेमाला अडीच तास फार थोडे पडतात म्हणून. मला मोकळा शनिवार मिळाला की मी तिकीट नाइटनचंच काढतो.

जाणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. सकाळची पहिली सोयीची गाडी धरा, आणि परतीची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा, कारण या मार्गाचं वेळापत्रक बदलत राहतं. श्रूजबरीला गाडी बदलायला हाताशी वेळ ठेवा. तिथे पंधरा मिनिटं जास्त गेलेली परवडतात, पण ही गाडी हुकलेली परवडत नाही. बूट चिखलाचे घ्या, उन्हाळ्यातही. आधी केंद्रात जाऊन नकाशा समजून घ्या, मग टेकडी, मग गावात चहा, आणि पाय साथ देत असतील तर संध्याकाळी पुन्हा थोडं वर.

टॅक्सीचा खर्च चालणार असेल तर नाइटनच्या दक्षिणेला पिलेथ नावाची जागा आहे, सहा-सात किलोमीटरवर. डोंगराच्या उतारावर एकटं, पांढरं जुनं चर्च आणि त्याच्या वरच्या अंगाला उंच वेलिंगटोनिया झाडं. २२ जून १४०२ ला इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या वेल्श बंडाचा नेता ओवेन ग्लिंडूर याने इथे एडमंड मॉर्टिमरच्या इंग्लिश सैन्याचा धुव्वा उडवला. वर चढत येणाऱ्या मोठ्या फौजेला डोंगरउताराच्या आधाराने गाठायचं, ही त्याची रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मॉर्टिमर कैद झाला, त्याची सुटका राजाने केली नाही, आणि शेवटी त्याने ग्लिंडूरच्याच मुलीशी लग्न करून बाजू बदलली. तिथे दुकान नाही, चहा नाही, त्यामुळे टॅक्सीवाल्याला थांबायला सांगा आणि परतीचं भाडं आधीच ठरवून घ्या.